कॉम्बी बॉयलर घेताना
ब्रिटनमधल्या घरात कॉम्बी बॉयलर नळाला गरम पाणी आणि रेडिएटरला ऊब, दोन्ही पुरवतो. वेगळी टाकी लागत नाही. एका बाथरूमच्या घराला साधारण 24 ते 30 किलोवॅटचा पुरतो. दोन शॉवर एकदम सुरू केले, की धार बारीक होते. ब्रँडइतकंच, किंबहुना जास्तच, बसवणाऱ्याकडे बघा. तो ‘गॅस सेफ’ या गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीत नोंदलेला हवाच, शिवाय जुन्या पाइपांतला काळा गाळ धुऊन चुंबकी फिल्टर लावणाराही हवा. हा गाळ म्हणजे रेडिएटरचा गंज, तोच बॉयलरमधला पाणी तापवणारा हीट एक्स्चेंजर तुंबवतो. लंडनमध्ये राहत असाल, तर तिथलं पाणी क्षारयुक्त, त्याचाही बंदोबस्त करा. वॉरंटी 10 वर्षांची असली, तरी वर्षाची सर्व्हिस चुकली की ती सहसा हातची जाते. बॉयलर थंड असताना दाबाचा काटा 1 ते 1.5 बारवर आहे ना, अधूनमधून बघत जा.