दमा आहे, पण दमही आहे!

'दम असेल तर ये मैदानात!' हे वाक्य तुम्ही कितीदा ऐकलंय? आपल्या भाषेत दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे हिंमतही. मग ज्याला दमाच आहे, त्याला हे वाक्य कसं लागत असेल? जिना चढताना धाप लागते, मित्र पुढे जातात, कुणीतरी म्हणतं, 'म्हातारा झालास की रे!' तोही हसतो. मनात मात्र नोंद होते, आपण इतरांपेक्षा कमी.

तेरसारख्या गावातून एसटीनं धाराशिवला कॉलेजला जात असाल, तर हे लगेच कळेल. सोयाबीनची रास सुरू झाली की शिवारभर धुरळा, घरात चुलीचा धूर, बसमध्ये गर्दी. पंप ओढायची वेळ येते तेव्हा नेमकं सगळे बघत असतात. मग पंप बॅगेच्या तळाशी जातो. मुलींना तर घरचेच बजावतात, 'चारचौघांत काढू नको, उद्या स्थळं यायचीत.'

खरा धोका इथंच आहे. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर, सर्दी असं निमित्त झालं की त्या आवळतात. एक पंप सूज कमी ठेवतो, तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यायचा. दुसरा आवळलेल्या नलिका पटकन मोकळ्या करतो. लाजेपायी नियमित पंप चुकला की सूज वाढते, धाप वाढते, खेळ सुटतो आणि 'आपल्यात दमच नाही' हे मत आणखी पक्कं होतं. आत्मविश्वास दमा खातोच, पण लपवाछपवी जास्त खाते.

'पंपाची सवय लागते' हेही खरं नाही. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. मृगाला हैदराबादला जाऊन मासळीचं औषध घेणारे आपल्याकडे आहेत. पण त्यानं दमा बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. त्या भरवशावर पंप बंद करू नका.

ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफला शाळकरी वयातच दमा निघाला. तिनं २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत जिंकली. महिलांचा तो विश्वविक्रम १६ वर्षं टिकला. प्रियांका चोप्रानं २०१८ मध्ये आपला दमा जाहीर सांगितला. दोघींचंही काही अडलं नाही.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. त्यांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. नामदेव दुखावले, पण तिथंच थांबले नाहीत. विसोबा खेचरांकडे गेले, शिकले. आणि काकांनी तपासलं ते डोकं, कुणाची छाती किती फुगते हे नव्हे!

तेव्हा भरतीसाठी १६०० मीटर किंवा ८०० मीटरची तयारी करत असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला. पळण्याआधी अंग गरम करा. पंप कुठल्या कप्प्यात आहे, हे एका तरी दोस्ताला सांगून ठेवा. रात्री धापेनं जाग येत असेल किंवा पंप वरचेवर लागत असेल, तर औषध बदलायची गरज असू शकते, डॉक्टरांना दाखवा. पंप घेऊनही बोलताना वाक्य तुटत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि ज्यांना दमा नाही त्यांनो, मित्र मागे राहिला तर जिन्यात दोन मिनिटं थांबा. टोमणा न मारता. तेवढं पुरतं.