दिव्याला थांबते का?

डोंबिवलीच्या फलाटावर गाडी लागली की धावत आलेला माणूस दारातल्या गर्दीला एवढंच विचारतो, ‘दिव्याला थांबते का?’ ‘ही गाडी दिव्याला थांबते’ या विधानाच्या शेपटाला ‘का’ लावला की झाला प्रश्न. एकही शब्द जागचा हलत नाही. फारच घाई असेल तर ‘का’सुद्धा गळतो आणि नुसता आवाज चढवून भागतं.

हेच इंग्रजीत विचारून पाहा. ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट दिवा’चा प्रश्न होतो, ‘डझ द ट्रेन स्टॉप ॲट दिवा?’ मूळ वाक्यात नसलेला एक ‘डू’ कुठूनसा आला, थेट पुढे जाऊन बसला आणि ‘स्टॉप्स’चा शेवटचा ‘स’ही घेऊन गेला. या ‘डू’ला इथे स्वतःचा काही अर्थ नाही. तो निव्वळ हमाल, काळाचं नि कर्त्याचं ओझं उचलायला बोलावलेला. ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’ असं एखादं सहायक क्रियापद वाक्यात आधीच असेल, तर तेच कर्त्यापुढे उडी मारतं. ‘कॅन आय सिट हिअर?’ तिथे हमाल लागत नाही.

गंमत म्हणजे ही सक्ती इंग्रजीत पूर्वी नव्हती. शेक्सपिअरच्या काळात ‘डू’ घालून आणि न घालता, दोन्ही तऱ्हांनी विचारत. तेव्हा आगगाडी असती तर ‘स्टॉप्स द ट्रेन ॲट दिवा?’ हेही खपून गेलं असतं. जर्मन माणूस आजही क्रियापदच पुढे काढतो.

पण शब्दांची अशी उलटापालट करून हो-नाहीचा प्रश्न विचारणं जगात किती दुर्मीळ असावं? ‘वर्ल्ड ॲटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’मध्ये याबाबत 955 भाषा तपासल्या आहेत. त्यांतल्या 585 भाषा मराठीसारखा एखादा ‘का’ वापरतात. शब्दक्रम बदलून काम भागवणाऱ्या भरल्या फक्त 13. म्हणजे चारचौघांसारखी वागणारी मराठी, आणि तऱ्हेवाईक इंग्रजी!

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तिथे ‘डिड यू वेन्ट?’ला हमखास लाल रेघ मिळते. नियम एका ओळीचा : भूतकाळ एकदाच दाखवायचा, आणि तो ‘डिड’ने दाखवला, म्हणून पुढे साधं ‘गो’. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा, ती मुलंही लहानपणी अशीच चुकतात, काळ दोनदा लावून मोकळी होतात. मग कल्याणच्या पोराने काय घोडं मारलंय?

हमालाच्या लहरी एवढ्यावर संपत नाहीत. ‘व्हेअर डझ द ट्रेन स्टॉप?’मध्ये तो हजर. ‘टेल मी व्हेअर द ट्रेन स्टॉप्स’ म्हटलं की गायब, कारण आता ते सरळ वाक्याच्या पोटातलं वाक्य झालं. ‘हू टुक माय सीट?’मध्येही नाही. तिथे कर्ताच प्रश्न होऊन आधीपासून पुढे बसलाय, त्याला ओलांडून जायचं कुणी?

जागेचा हा खेळ आपल्यालाही अगदीच परका नाही म्हणा. आपला ‘का’ क्रियापदामागे असला तर हो-नाही विचारतो, आणि पुढे सरकला की कारण. पाहुण्याला ‘जेवलात का?’ विचारलं तर अगत्य. ‘का जेवलात?’ विचारून बघा.