इंग्रजी शिकायचंय? एरर वाचा!
बीसीए, बीएस्सी आयटीच्या पोरांनो, व्याकरणाचं जाडजूड पुस्तक नंतर. आधी एरर मेसेज नीट वाचा. आपण तो न वाचताच कॉपी करून गूगलमध्ये टाकतो. पायथनचा ट्रेसबॅक शेवटच्या ओळीपासून वाचायचा, चूक कसली ते तिथेच असतं. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून तर मेसेज बरेच समजूतदार झालेत. कंस उघडा राहिला तर पायथन नुसतं ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणून हात झटकत नाही, ‘वॉज नेव्हर क्लोज्ड’ असं सरळ सांगतो. (कर्मणी प्रयोग फुकटात!)

मग लिहायला घ्या. गिटचा कमिट मेसेज आज्ञार्थी लिहायचा संकेत आहे: ‘फिक्स्ड’ नव्हे, ‘फिक्स लॉगिन बग’. गिटहबवर इश्यू टाकताना काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं साध्या वाक्यांत लिहा. उच्चारांचं नंतर बघू.