तुपी: काजूला नाव देणारे लोक

१५०० साली पोर्तुगीज जहाजं ब्राझीलला लागली, तेव्हा तिथल्या किनारपट्टीच्या मोठ्या भागात तुपी लोक राहत होते. जेझुइट धर्मगुरू जोझे दे आंशिएता यांनी लिहिलेलं त्यांच्या भाषेचं व्याकरण १५९५ मध्ये छापलं गेलं!

अठराव्या शतकात पोर्तुगीज राजवटीने ही भाषा दडपली, तरी ती पुसली गेली नाही. इपानेमा, इपिरांगा ही स्थळनावं तिचीच. टॅपिओका हा शब्दही तिचाच. पोर्तुगीजांनी गोव्यात काजू आणला, तोही तुपी नावासकट.

तिची वंशज न्हेंगातू ॲमेझॉनच्या खोऱ्यात आजही बोलली जाते. २००२ मध्ये साओ गाब्रिएल दा काशोएरा नगरपालिकेने तिला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. भाषाप्रेमींनी तुपींबद्दल जरूर वाचावं!

#तुपी #भाषा #ब्राझील