उच्च संपीडनाची इंजिने आणि 'सेल्फ'चा प्रश्न

मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना संपीडन गुणोत्तराची व्याख्या पाठ असते. मात्र ते गुणोत्तर वाढवल्यावर गाडी सुरू करणे अवघड का होते, असे विचारले तर बहुतेक जण 'बॅटरी मोठी टाकावी' एवढेच उत्तर देतात. याच समजुतीपायी गॅरेजमध्ये चांगले सेल्फ बदलले जातात आणि ग्राहकाचे पैसे वाया जातात. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील 1960 ते 1970 या काळातील शक्तिशाली व्ही-8 इंजिनांच्या आधारे या प्रश्नाची चर्चा केली आहे. या इंजिनांत सर्व अडचणी एकत्र आढळतात, म्हणून अध्यापनासाठी हे उदाहरण सोयीचे आहे.

शेव्हरोलेच्या 1970 च्या एलएस-6 या 454 घनइंची इंजिनाचे संपीडन गुणोत्तर 11.25 होते. साधारण 8 गुणोत्तराच्या इंजिनात हवा दाबली असता गणिताने सुमारे 15 वातावरण दाब मिळतो, तर 11.25 ला तो 23 च्या आसपास जातो. सेल्फने इंजिन फिरवताना गळती होते व उष्णता भिंतींत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतात. तरी प्रमाण तेच राहते, म्हणजे सेल्फला जवळजवळ दीडपट उंच चढ चढावा लागतो. (1971 पासून जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी आपल्या इंजिनांचे गुणोत्तर उतरवले.)

ठिणगीची वेळ

पण नुसता दाब हे अर्धेच कारण होय. अधिक खोडकर कारण ठिणगीच्या वेळेत दडलेले असते, आणि वर्गात नेमके तेच राहून जाते.

शर्यतीसाठी तयार केलेल्या इंजिनात ठिणगी पिस्टन वर पोहोचण्यापूर्वी 36 अंशांच्या सुमारास कायमची बांधून ठेवण्याची पद्धत आहे. मिनिटाला 6000 फेऱ्यांच्या वेगाने 36 अंश फिरायला एक सहस्रांश सेकंद लागतो. सेल्फ मात्र इंजिनाला मिनिटाला सुमारे 200 फेऱ्यांनीच फिरवतो, म्हणजे तेच 36 अंश पार करायला 30 सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्या अवधीत मिश्रण पेटून दाब चढतो, पिस्टन मात्र अजून वर येतच असतो. परिणामी इंजिन उलटे ढकलले जाते. या उलट्या झटक्याने सेल्फचा पुढचा बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा भाग तडकतो, फ्लायव्हीलच्या रिंगचे दात उडतात. हँडलने गाडी सुरू करण्याच्या काळात याच झटक्याने मनगटे मोडत असत.

यावर दोन उपाय आहेत. इंजिन फिरवताना ठिणगी सुमारे 20 अंश उशिरा देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवता येते. किंवा इग्निशनला वेगळे बटण ठेवून आधी सेल्फ मारायचा, इंजिनाने गती घेतली की मग ठिणगी चालू करायची. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि विद्यार्थ्यांना तत्त्वही त्यातूनच अधिक स्पष्ट कळते.

हेच तत्त्व आपल्याकडे विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनात दिसते. तेथे गुणोत्तर 16-17 असूनही माणूस ते हाताने सुरू करतो, कारण डिकॉम्प्रेशनची कळ वर करून तो आधी चाकाला गती देतो आणि नंतर कळ सोडतो. चढ आधीइतकाच असतो, पण तो चढायला चाकात साठलेली ऊर्जा मदतीला येते. प्रयोगशाळेत असे इंजिन असल्यास धड्याची सुरुवात तेथूनच करावी.

वीज कुठे हरवते?

विजेवर चालणारा सेल्फ चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केला व 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो प्रथम आला. केटरिंग यांनी पूर्वी रोकड-यंत्राच्या विजेच्या मोटरीवर काम केले होते. क्षणभरच चालवायची मोटर तिच्या क्षमतेपलीकडे राबवता येते, हे त्यांना तेथे उमगले होते. (त्यांच्या डेल्को कंपनीचे नाव आपले मेकॅनिक आजही डिस्ट्रिब्यूटरला देतात!) क्षणभर हे येथे महत्त्वाचे. अडलेला सेल्फ दाबून धरला की तो तापतो, आणि तांब्याचा रोध 20 वरून 100 अंश सेल्सिअसला सुमारे 31 टक्क्यांनी वाढतो.

जनरल मोटर्सच्या व्ही-8 मध्ये सॉलेनॉइड सेल्फच्या पाठीवर, एक्झॉस्टच्या नळ्यांजवळ असतो. गाडी पळवून थांबवली की नळ्यांची धग त्यात मुरते. तापलेल्या गुंडाळीत प्रवाह तीन-चतुर्थांशावर येतो आणि चुंबकाची ओढ त्याहूनही अधिक घटते, म्हणून नुसती 'टक्' वाजते. फोर्डने हा स्विच बॅटरीजवळ ठेवला होता, त्यामुळे तो धगीपासून दूर राहिला. तसा रिले जोडणे व सेल्फवर उष्णतारोधक आवरण घालणे हे रूढ उपाय आहेत. क्रायस्लरने 1962 मध्ये आणलेल्या सेल्फमध्ये आतच 3.5 पट गिअर होते. लहान मोटर वेगाने फिरवून जोर मिळवण्याची ही पद्धत पुढे सर्वत्र रुळली.

आता केबल. 300 अँपिअर प्रवाहाच्या वाटेत 0.005 ओहम रोध असला तरी दीड व्होल्ट हरवतात. इतका रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर दिसत नाही, आणि केबल 'चांगली' ठरते. म्हणून सेल्फ फिरत असताना व्होल्ट मोजावेत. एक टोक बॅटरीच्या खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरे सेल्फच्या बोल्टवर धरावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर दोष वाटेत आहे. अर्थिंगच्या बाजूने बॅटरीचा ऋण खुंट आणि सेल्फचे अंग यांत 0.3 व्होल्टहून अधिक नसावे. ही तपासणी करताना इग्निशन बंद ठेवावे, गिअर न्यूट्रलला असावा आणि पंख्याजवळ कोणी उभे राहू नये.

इग्निशन बंद असताना इंजिन मोकळे फिरत असेल आणि चालू करताच अडखळत असेल, तर सेल्फला हात लावू नये. दोष ठिणगीच्या वेळेत आहे. दोन्ही वेळा सारखेच जड फिरत असेल, तर केबल, बॅटरी व उष्णता या क्रमाने शोध घ्यावा. चांगले फिरूनही पेटत नसेल, तर प्रश्न इंधनाचा किंवा ठिणगी मुळात येते की नाही याचा.

वजन मागच्या चाकांवर यावे म्हणून शर्यतीच्या गाड्यांत बॅटरी डिकीत नेतात. पाच मीटर लांबीची 25 चौरस मिलिमीटर तांब्याची तार 300 अँपिअरला सुमारे एक व्होल्ट खाते, 50 ची अर्धा. एवढी लांब, बॅटरीला थेट जोडलेली तार पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर आग लागते. म्हणून ती रबरी बुशातून न्यावी आणि गाडीबाहेरून बंद करता येईल असा मुख्य स्विच बसवावा. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या नियमांत बॅटरी हलवल्यास हा स्विच सक्तीचा आहे.