कावासाकी आजार : 25 आणि 5 यांमधली 20 मुले

उपचार न मिळालेल्या दर 100 मुलांपैकी सुमारे 25 जणांच्या हृदयाच्या धमन्यांना फुगवटे येतात. तापाच्या पहिल्या 10 दिवसांत औषध मिळाले, तर हा आकडा 5च्या आसपास उतरतो. मधली 20 मुले वाचवता येतात.

डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी जपानमध्ये 1961 साली पहिला रुग्ण पाहिला आणि 1967 मध्ये 50 मुलांची नोंद प्रसिद्ध केली. बहुतेक रुग्ण 5 वर्षांखालचे असतात. नेमके कारण अजून सापडलेले नाही. एखाद्या संसर्गाचे निमित्त होऊन प्रतिकारशक्ती भडकते, असे मानतात. पांढऱ्या पेशी धमनीच्या भिंतीत शिरतात, तिचा लवचीक थर विरतो आणि भिंत फुगते. दुसऱ्या आठवड्यापासून प्लेटलेट वाढतात, त्यामुळे फुगवट्यात गुठळी होण्याचा धोका असतो.

चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयाच्या नोंदींनुसार तिथे 15 वर्षांखालील दर लाख मुलांमागे 1994 मध्ये 0.51 रुग्ण होते, 2007 मध्ये 4.54. या वाढीत आजार ओळखणाऱ्या नजरा वाढल्याचाही वाटा असणार.

सिल्वासात पावसाळ्यातला ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड आधी आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण ताप 5 दिवस टिकला, तर आणखी पाच गोष्टी पाहाव्यात : पू नसलेले लाल डोळे, फुटलेले लाल ओठ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत गाठ. चार दिसल्या तर निदान जवळजवळ पक्के. तान्ह्या बाळाच्या दंडावरचा बीसीजीचा व्रणही पाहावा. तो अचानक लाल होऊन सुजला, तर ती मोलाची खूण. बोटांची साले नखांपासून निघतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तोवर 10 दिवस सरलेले असतात.

औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेले. वजनाच्या दर किलोला 2 ग्रॅम. 10 किलोच्या मुलाला 20 ग्रॅम, सलाइनसारखे 10 ते 12 तास सावकाश. सोबत अ‍ॅस्पिरिन, तेही डॉक्टरांच्याच सल्ल्याने. 10 ते 20 टक्के मुलांचा ताप तरीही उतरत नाही, त्यांना पुढचे उपचार लागतात.

खानवेलच्या पाड्यावरून सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलला येणाऱ्या आईला यातले काही पाठ असायची गरज नाही. ताप कोणत्या वारी चढला, एवढे तिने सांगावे, आणि आपण तपासणाऱ्यांनी ते केसपेपरवर सर्वांत वर लिहावे. 10 दिवसांची मोजणी तिथूनच सुरू होते.