अनुदिनीचे स्वतःचे घर

नर्मदाकाठच्या जबलपूरशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. १७९८ ते १८१७ या काळात हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची बोली, सणवार आणि आठवणी हा एक अनमोल ठेवा आहे. तो अनुदिनीच्या, अर्थात ब्लॉगच्या रूपाने जतन करावयाचा झाल्यास पहिला प्रश्न उभा राहतो, तो जागेचा.

विनामूल्य मिळणारी जागा ही परक्याच्या घरातील बिऱ्हाडासारखी असते. ‘जिओसिटीज’ ही एकेकाळची लोकप्रिय सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली आणि तिच्यावरील असंख्य लोकांच्या पानांना आपले ठिकाण गमवावे लागले. म्हणूनच कायमस्वरूपी लेखनासाठी स्वतःचे घर बांधणे श्रेयस्कर ठरते.

या घरास तीन गोष्टी लागतात : नाव, जागा आणि आज्ञावली. नाव व सर्व्हरवरील जागा ठरावीक मुदतीसाठी शुल्क भरून मिळते. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी प्रत्ययाचे नावही घेता येते. २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ‘वर्डप्रेस’ ही आज्ञावली विनामूल्य असून मराठीतही उपलब्ध आहे. अनेक सेवादाते ती एका कळीसरशी बसवून देतात.

घर उभे राहिल्यावर सजावट येते. मराठी मजकुरासाठी ‘मुक्ता’सारखा मुक्त टंक निवडावा. मूळ रूपबंधात थेट फेरफार केल्यास पुढील अद्ययावतीकरणात ते पुसले जातात; म्हणून बदल नेहमी ‘चाइल्ड थीम’मध्ये करावेत. देवनागरी शीर्षकापासून तयार झालेला पत्ता इतरांना पाठविताना बहुधा चिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतो. यास्तव पत्त्यासाठी रोमन लिपीतील छोटा शब्द आरंभीच ठरवावा.

मात्र, स्वतःचे घर म्हटले की राखणही स्वतःचीच. लेख विदागारात, तर छायाचित्रे फायलींमध्ये साठविली जातात. त्यामुळे दोहोंची प्रत नियमितपणे काढून ती सर्व्हरबाहेर ठेवावी. परवलीचा शब्द भक्कम असावा आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. नावाची नोंदणी ते बांधून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या नव्हे, तर स्वतःच्याच नावे असल्याची खात्री करावी. नूतनीकरण चुकले आणि सवलतीचा काळही उलटला, तर तेच नाव अन्य कोणीही घेऊ शकतो.

बँकेतील ठेवीसाठी आपण आवर्जून नामनिर्देशन करतो. तीच दक्षता येथेही हवी. नाव कोठे नोंदविले आहे, नूतनीकरण कधी आहे आणि प्रती कोठे ठेवल्या आहेत, हे घरातील एका विश्वासू व्यक्तीस लेखी सांगून ठेवावे. लिहिणारा हात थांबला, तरी आजीच्या आठवणी नातवंडांना वाचता याव्यात, यासाठी एवढे टिपण पुरेसे आहे.